काकांच्या न्हाणीवरचा बांबूचा स्लॅब: २०१८ ला भरला, २०२२ ला फोडला

हे प्रकरण आमच्या घरातलंच आहे त्यामुळे सगळं आतून माहितीये, आणि यात माझी पण चूक आहे ती आधीच सांगून टाकतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये काकांचा फोन आला की विहिरीजवळ न्हाणी आणि पंपाची खोली बांधतोय, वर स्लॅब टाकायचाय, सळीऐवजी आपला माणगा बांबू घातला तर चालेल काय. मी तेव्हा कणकवलीला साईटवर उभा, मिक्सर धडधडतोय, अर्धं ऐकू येतंय अर्धं नाही, मी म्हटलं आठ फुटाचा तर स्पॅन (दोन भिंतींमधलं अंतर) आहे, चालेल. दोन मिनिटांचा फोन. सिव्हिलचा डिप्लोमा करून तेव्हा मला दहा वर्षं झाली होती, म्हणजे अजाण होतो असंही म्हणता येत नाही.

घर मालवण तालुक्यात, खाडीच्या काठावरच्या वाडीत. भरतीला पाणी माडांच्या बुंध्यापर्यंत येतं एवढं जवळ. चिऱ्याचं घर, पुढे खळं, मागच्या बाजूला विहीर, आणि बांधावर माणग्याची सात-आठ बेटं. माणगा म्हणजे आपल्याकडचा बिनकाट्याचा बांबू, बुंध्याकडे जवळजवळ भरीव, त्यामुळे मांडव, मांगर, गडग्यावरची वई सगळ्याला तोच. २०१७ च्या नोव्हेंबरात वन कायद्यात दुरुस्ती होऊन खाजगी जमिनीतला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, तेव्हापासून काकांचं बांबूप्रेम फारच वाढलेलं. बेटं नवीन लावली, बांबूच्या मीटिंगांना जायला लागले.

पण सळी नको म्हणायचं खरं कारण वेगळं होतं. घराच्या पडवीवर १९९४ सालचा स्लॅब आहे. तो भरताना रेती खाडीतलीच, न धुतलेली, आणि कव्हर ब्लॉक (सळीबाहेर काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, राहावा म्हणून खाली ठेवायचा ठोकळा) हा शब्दच त्यावेळी वाडीत कोणाला माहीत नव्हता, सळीखाली खडीचे तुकडे सरकवायचे आणि भरायचं. पंधरा-सोळा वर्षांत सळ्या फुगल्या आणि खालचे पोपडे पडायला लागले. एक पोपडा काकांच्या स्कूटरच्या सीटवर पडला. सळीला गंज चढला की त्याचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं, त्यामुळे काँक्रीट आतून फाटतं, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी त्यातनं एवढंच घेतलं की लोखंड गंजतं. "अरे सळयेक गंज लागता, बांबूक गंज लागता काय?" या वाक्याला फोनवर काय उत्तर देणार. लागत नाही हे खरंच आहे की.

त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ फिरत होता, बांबू स्टीलपेक्षा मजबूत वगैरे. ती गोष्ट अगदीच हवेतली नाही. बांबूचा चांगला, गाठ नसलेला तुकडा ओढून बघितला तर शंभर-दोनशे मेगापास्कल ताण सहज घेतो, आणि वजनाच्या मानाने बघितलं तर स्टीलला भारी पडतो. कल्पनाही जुनी आहे, १९१४ मध्ये अमेरिकेत एमआयटीत यावर प्रबंध झालाय, १९६६ ला अमेरिकन नेव्हीच्या इंजिनिअरिंग लॅबने बांबू घालून काँक्रीट कसं करायचं याचा अख्खा रिपोर्ट काढलाय. रिपोर्ट मी नंतर, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर वाचला. त्यातल्या ज्या ज्या सूचना आहेत त्यातली जवळजवळ प्रत्येक आमच्याकडे मोडली गेली होती.

काय काय केलं ते क्रमाने सांगतो. बांबू तोडला एप्रिलमध्ये. आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात की बांबू दसऱ्यानंतर थंडीत तोडायचा आणि तोही काळोख्या पंधरवड्यात, त्यातलं चंद्राचं काय ते बाजूला ठेवू पण थंडीचं बरोबर आहे, तेव्हा काठीत पिष्ट कमी असतं म्हणून भुंगा कमी लागतो. पण पावसाच्या आधी स्लॅब उरकायचा होता, मग कोण थांबतो. वाळवायला मिळाले जेमतेम दहा दिवस, रिपोर्ट म्हणतो तीन-चार आठवडे तरी हवेत. काठ्या फोडून इंच रुंद आणि अर्धा इंच जाड अशा चिप्या काढल्या आणि त्यांना डांबर लावलं, दोन दोन हात, छान काळं कुळकुळीत. आता डांबर लावायचं ते पाणी आत जाऊ नये म्हणून, आणि ते पातळच लावायचं असतं, कारण जाड थर बसला की बांबू काँक्रीटमध्ये निसरडा होतो, पकड राहत नाही. गवंड्याचा विचार असा की एवढं डांबर आणलंय तर संपवूया.

चिप्या सहा-सहा इंचावर बांधल्या, उभ्या आडव्या, तारेने. स्लॅब चार इंची, एक-दोन-चारचा माल, आठ फूट बाय दहा फूट, दोन्ही लांब भिंतींवर टेकलेला आणि विहिरीकडची बाजू उघडी. मे महिन्यात भरला. वर आळी करून चौदा दिवस पाणी ठेवलं, काँक्रीटसाठी एक नंबर, पण आतल्या अर्धवट वाळलेल्या बांबूला दोन आठवडे भिजतच ठेवल्यासारखं.

वाचलं किती? नंतर मी हिशोब केला. त्या स्लॅबला ८ मिलिमीटरची सळी सगळी मिळून चाळीस किलोच्या आत लागली असती. त्यावेळच्या भावाने दोन-अडीच हजार रुपये. चिप्या काढायला दोन माणसं तीन दिवस होती, त्यांची मजुरी धरली तर वाचलं काहीच नाही.

ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा पहिल्यांदा खालून बघितलं. छताला केसासारख्या बारीक रेघा, सरळ, आणि एकमेकींपासून बरोब्बर सहा इंचावर, कोणी वहीला मार्जिन मारल्यासारख्या. काका म्हणाले चुन्याच्या असतील. पण स्लॅब जड होऊन तडकला तर चिरा सळीला आडव्या जातात, भिंतीला समांतर, साधारण मधल्या भागात. इथे रेघा बांबूच्या अंगावरून, बांबूच्या लांबीने धावत होत्या. याचा अर्थ एकच, आतला बांबू ओल्या काँक्रीटमधलं पाणी पिऊन फुगला आणि काँक्रीट पुरतं घट्ट व्हायच्या आतच त्याने ते खालून फोडलं. गंमत बघा, सळी गंजून फुगायला पंधरा वर्षं लागली होती, बांबूने तेच काम पंधरा-वीस दिवसांत केलं. मी तेव्हा हे काकांना बोललो, जरा भीत भीतच, ते म्हणाले गिलावा मारूया. मारला.

आणि स्लॅब उभा राहिला. २०१८ चा पाऊस गेला, १९ गेलं, २० गेलं. दरवेळी गेलो की काका त्यावर चढून टाच आपटून दाखवायचे, "बघ मेल्या, हलता काय?" मीही मनात म्हणायला लागलो की असेल बाबा, आपलंच पुस्तकी ज्ञान जास्त झालं असेल.

तो का उभा होता हे नंतर कागदावर मांडलं तेव्हा कळलं, आणि सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. काँक्रीट ताणाला कमजोर असतं असं आपण म्हणतो, पण कमजोर म्हणजे शून्य नाही. बरं एम २० काँक्रीट (वीस मेगापास्कल दाब सोसणारं) धरलं तर चार इंची स्लॅब एक मीटर रुंदीला साधारण पाच किलोन्यूटन-मीटर एवढं वाकणं न तडकता सोसतो, आत काही नसताना. काकांच्या स्लॅबचं स्वतःचं वजन आणि वरचा वॉटरप्रूफिंगचा कोबा मिळून येत होतं अडीचच्या आसपास. मर्यादेच्या निम्मं. म्हणजे ती तीन वर्षं बांबूने काही कामच केलं नव्हतं, काँक्रीट एकटंच उभं होतं आणि क्रेडिट बांबूला मिळत होतं. गावोगावी 'आमच्याकडे बांबू घालून केलंय, काही झालं नाही' असं जे सांगतात त्यातली बरीच उदाहरणं या जातीची असणार असा माझा पक्का संशय आहे. छोटा स्पॅन, वर ओझं नाही, मग आत बांबू घाला, सुतळी घाला, नाहीतर काहीच घालू नका.

मग आलं तौक्ते चक्रीवादळ. १६ मे २०२१. आमच्या किनाऱ्याला ते नुसतं घासून गेलं तरी माड मोडले, पोल आडवे झाले, लाईट कितीतरी दिवस नाही, विहीर भरलेली आणि पंप बंद, काकी रहाटाने पाणी ओढून ओढून टेकीला आली. लाईट आल्या आल्या काकांनी पहिलं काम काय केलं तर हजार लिटरची टाकी आणली आणि न्हाणीवर चढवली. प्रेशर चांगलं यावं म्हणून टाकीखाली चिऱ्यांचे थर रचले, आणि पाईप जवळ पडावा म्हणून टाकी ठेवली विहिरीच्या बाजूला, म्हणजे नेमकी उघड्या कडेवर जिथे खाली भिंतच नाही. पाणी एक टन, चिरे चारशे किलो तरी. कडेला ओझं असलं की बाजूचा स्लॅब मदतीला येतो तोही एकाच अंगाने. हिशोबात टाकीचे साडेतीन धरले तर आधीचे अडीच आणि हे मिळून सहा. मर्यादा पाच, तीही काँक्रीट बरं असेल तर, आणि फुगण्याच्या रेघा आधीच पडलेल्या.

गणपतीला मुंबईची मंडळी आली, घरात चौदा माणसं, टाकी सकाळ संध्याकाळ भरलेली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आतेभाऊ न्हाणीतनं ओरडत बाहेर आला की वरून माती पडतेय. गिलावा सुटला होता. त्यामागे यावेळी आडवी चीर, भिंतीला समांतर, दहा पैशाचं नाणं आत उभं राहील एवढी. कडेला दोरी धरून मोजलं तर मधोमध २२ मिलिमीटरचा पोट. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे स्पॅन भागिले २५० म्हणजे इथे साडेनऊ-दहा मिलिमीटरच्या वर झोल चालत नाही. टाकी तिथल्या तिथे रिकामी केली, खाली बल्ल्यांचे टेकू दिले, आणि गणपतीत न्हाणी बंद म्हणून सगळ्यांच्या शिव्या मी खाल्ल्या, काकांनी नाही.

आता इथे जो प्रश्न काकांनी विचारला तो बरोबर प्रश्न होता. बांबू एवढा घातला होता, सळीच्या सहापट, मग का नाही धरलं? आकडे खरेच होते. मीटरभर रुंदीत बांबूचं क्षेत्रफळ २००० चौरस मिलिमीटर, आणि ८ ची सळी सहा इंचावर टाकली असती तर ते भरलं असतं ३३५. पण स्टीलचा ताठरपणा, म्हणजे ओढल्यावर न लांबण्याचा गुण, २०० गिगापास्कल आणि बांबूचा १५ च्या आसपास, गाठी-बिठी धरून कमीच. दोन्हीकडे गुणाकार करून बघा, सहापट माल घालूनही बांबूचा ताठरपणा सळीच्या निम्म्याहून कमी पडतो. काँक्रीट तडकल्यावर सगळा ताण बांबूवर गेला तो पंचेचाळीस-पन्नास मेगापास्कल, म्हणजे बांबू तुटायच्या जवळपासही नव्हता, पण तेवढा ताण घेताना तो मीटरला तीन मिलिमीटर लांबला. तीन मिलिमीटर लांबायला काँक्रीट तयार नसतं ना. ते फाटतं. गलोलीचं रबर पण मजबूत असतंच, त्याने कोणी दार बांधत नाही.

व्हिडिओत दाखवतात ती मजबुती खरी, फक्त ती आपल्याला इथे लागतच नाही. लागतो तो ताठरपणा आणि पकड. आणि स्लॅब ओव्हरलोड झाला तर सळी आधी लांबते, वाकून दाखवते, माणसाला पळायला वेळ देते, बांबू तसा देत नाही, त्याला सळीसारखं वाहणं माहीत नाही, शेवटी एकदम फाटतो.

पकडीचं काय झालं होतं ते स्लॅब फोडला तेव्हा दिसलं. डिसेंबर २०२२. वरनं हातोडे, खालनं जॅक. दीड दिवस लागला. मला वाटलं होतं बांबू कुठेतरी मोडलेला मिळेल, एकही मोडलेला नव्हता. उलट काँक्रीटचा तुकडा हातात धरला आणि चिपी ओढली की म्यानातनं सुरी निघावी तशी सरळ बाहेर. भोवती सगळीकडून फट, नख जाईल एवढी. आधी फुगून त्याने काँक्रीट फोडलं आणि मग उन्हाळ्यात वाळून आक्रसला, तोपर्यंत काँक्रीट घट्ट झालेलं, ते काय त्याच्या मागे आत येणार आहे? सळीवर त्या तिरक्या रिब्स असतात त्या अडकायला असतात, इथे गुळगुळीत साल आणि वर डांबराचं तेल. रिओ दि जानेरोचे संशोधक खोस्रो घवामी यांनी १९७९ पासून यावर बरीच वर्षं काम केलंय, बांबूला इपॉक्सी (घट्ट चिकटणारी राळ) लावून पकड बरीच वाढते हे दाखवलंय, पण एवढं इपॉक्सी आणायचं तर मग सळीने काय वाकडं केलंय.

वास पण होता, कुजल्या गोणपाटासारखा. चिरेच्या जवळच्या चिप्या काळ्या पडलेल्या आणि नखाने तंतू सुटत होते. त्याला पाऊस जसा कारण तसं काँक्रीटही कारण आहे, काँक्रीटच्या आतलं पाणी एकदम अल्कली असतं, पीएच साडेबारा-तेराच्या घरात, सळीला ते गंजापासून वाचवतं पण बांबूच्या तंतूंना जोडून ठेवणारं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज तेच हळूहळू खातं. म्हणजे जे लोखंडाचं औषध तेच बांबूचं विष, आणि वरून वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस. दोन चिप्यांत भुंग्याचं पिवळं पीठ होतं, तो एप्रिलच्या तोडीचा प्रसाद. वाळवी मात्र मिळाली नाही, मी शोधली होती.

अजून दोन ठिकाणी तोच बांबू घातला होता त्याचं पण सांगायला हवं नाहीतर हिशोब एकतर्फी होईल. न्हाणीच्या दारावरचं तीन फुटी लिंटेल आजही शाबूत आहे, एक चीर नाही. त्यावर चिऱ्यांच्या फक्त चार ओळी आहेत आणि त्या पण आपापल्यात कमान धरून बाजूला टेकतात, लिंटेलला करायला काम काय उरतं. आणि विहिरीभोवतीचा तीन इंची कोबा. त्यात बांबूची जाळी अर्ध्यातच संपली म्हणून उरलेला अर्धा तसाच भरलेला, नकळत प्रयोगच झाला म्हणा ना. पाच वर्षांनी दोन्ही अर्धे एकसारखे. कुठला बांबूचा आणि कुठला बिनबांबूचा हे आता काकांना पण ओळखता येत नाही, मी मुद्दाम विचारलं, चुकीचा दाखवला.

२०१८ मध्ये, म्हणजे आमचा स्लॅब भरला त्याच वर्षी, 'मटेरियल्स अँड स्ट्रक्चर्स' या जर्नलमध्ये बांबू-काँक्रीटच्या आजवरच्या कामाचा आढावा आला होता, त्याचा निष्कर्षही हाच, की बांबू माल म्हणून उत्तम पण काँक्रीटच्या आत सळीच्या जागी घालणं ही कल्पनाच फसलेली, टिकाऊपणा, ताकद, ताठरपणा तिन्हीकडे अडचण आणि पर्यावरणाचा म्हणतात तो फायदाही तसा हाती येत नाही. एप्रिलमध्ये फोनवर मी अर्धा तास मागून घेतला असता तर काहीतरी सापडलं असतं.

आता नवीन काय करायचं यावर घरात दोन महिने चर्चा. मी म्हटलं सळीचाच करू पण नीट करू. नीट म्हणजे खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात उघडा स्लॅब असेल तर कोडप्रमाणे एम ३०, सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत, रेती खाडीची अजिबात नाही. एवढं कव्हर घ्यायचं तर स्लॅब सहा इंची होतो. काकांनी विचारलं न्हाणीवर हेलिकॉप्टर उतरवतोस काय. पडवीचा १९९४ चा स्लॅब सळीने नाही खाल्ला, खाऱ्या रेतीने आणि नसलेल्या कव्हरने खाल्ला, हे त्यांना खरं पटलं ते यावेळी, म्हणजे पटलं असं ते म्हणाले नाहीत, गप्प झाले.

शेवटी स्लॅबच नको असं ठरलं, आणि ही सूचना काकीची. टाकीला जमिनीपासून चिऱ्याचा वेगळा चौथरा बांधला, भिंतीला न टेकवता. न्हाणीवर माणग्याचे वासे, रिपा आणि जुनी मंगलोरी कौलं, जी मांगरामागे पडूनच होती. यावेळी बांबू डिसेंबरात तोडला, तीन वर्षांच्या वरच्या काठ्या बघून, मग बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून ठेवला, माणगा भरीव म्हणून इतरांपेक्षा जास्त दिवस, आणि सावलीत वाळवला. एक लक्षात ठेवा की बोरॅक्स पावसात धुपून जातं, त्यामुळे वाशांची टोकं कौलांच्या आत ठेवलीत, बाहेर डोकावू दिली नाहीत. पाखं पण दीड फूट बाहेर काढली. बांबूचं स्वतंत्र बांधकाम करायचं असेल तर त्याला आयएस १५९१२ हा वेगळा कोड आहे, कुडाळला कॉनबॅक (कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर) वाले २००४ पासून बांबूतच काम करतायत, तिकडे प्रक्रिया केलेला बांबू बघायला तरी जाऊन या.

गेल्या मे मध्ये गेलो होतो तर एका वाशाखाली लादीवर पिवळसर पीठ सांडलेलं. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. मग त्यांनी दहा-बारा कौलं उतरवली, तो वासा सोडवला, मांगरातला दुसरा चढवला, कौलं परत लावली, आणि आम्ही जेवायला बसलो तेव्हा माशांची कढी अजून गरम होती.